हौसेची बारी

आमच्या दुकानाला वर्षातून दोनच दिवस कुलूप लागायचं. पर्युषणातल्या संवत्सरीला धर्म म्हणून, आणि घाटाच्या शेवटच्या दिवशी हौस म्हणून. शहरातल्या लोकांना घाट म्हटलं की खंडाळा आठवतो. आमच्या जुन्नर-आंबेगावात घाट म्हणजे बैलगाडे पळवायची चढाची वाट, दोन्ही अंगांनी माणसांनी गच्च भरलेली. पुढे घोडी, मागे चार बैल, त्यांच्या मागे नावापुरता हलका गाडा, आणि गाडा खालून वर पोचेपर्यंत साऱ्या गावाचा जीव टांगणीला. एका गाड्याच्या एका धावेला बारी म्हणायचं. माघापासून गावोगावच्या जत्रा सुरू व्हायच्या. आज ह्या गावचा घाट, उद्या त्या गावचा, असं करत वैशाख सरता सरता, घाटघरच्या अंगाला ढग दिसू लागले की शेवटची जत्रा आमच्या गावची. त्यानंतर बैल औताला आणि माणसं पेरणीला. आळ्यापासून घोडेगावापर्यंतचे गाडेवाले त्या दिवशी यायचे, हरलेले-जिंकलेले एका पंगतीला बसायचे, वर्षभराची भांडणं मिटवायचे आणि पुढच्या वर्षाला पुरतील अशी नवी काढायचे. सकाळपासून भोंगा सुरू असायचा. हवेत भंडाऱ्याचा पिवळा धुरळा, शेणाचा आणि तळलेल्या भज्यांचा वास, आणि चौफेर घुंगरं. आता माझा नातू मोबाइलवर घाट बघतो, कोपऱ्यात सेकंद पळत असतात. बघायला छान वाटतं, पण मोबाइलला वास येत नाही, आणि त्या वासाशिवाय मला काही तो घाट वाटत नाही.

आमचं घर मारवाडी जैनांचं. पणजोबा राजस्थानातून लोटा-दोरी घेऊन आले असं सांगतात. सगळेच मारवाडी आपले पूर्वज लोटा-दोरी घेऊनच आल्याचं सांगतात, तेव्हा खरं-खोटं त्या लोट्याला ठाऊक. बापूजींचं म्हणजे माझ्या वडिलांचं, मोतीलाल शेटचं, दुकान बैलांच्या कासऱ्यांचं, घुंगुरमाळांचं, झुलींचं आणि सरकी-पेंडीचं. चार महिने घाट चालायचा म्हणून आमचं दुकान चालायचं. पण बापूजींनी दुकानात आसूड कधी ठेवला नाही. कुणी मागितला तर म्हणायचे, "माळ घ्या, झूल घ्या. आसूड दुसरीकडं बघा." मुक्या जीवाला पळवायचं त्यांना पटत नसे, म्हणून ते घाटात कधी पाऊल टाकत नसत. मात्र ओट्यावर बसून भोंग्यावरची एकूण एक बारी ऐकायचे, आणि कुणाचा कुठला बैल कुठे दम टाकतो हे त्यांना गाडामालकापेक्षा जास्त ठाऊक असायचं. ह्यातली गंमत घरात सगळ्यांना कळायची. बोलून दाखवायची हिंमत फक्त माझ्या थोरल्या बहिणीत, विमलमध्ये होती. तिला आम्ही जीजी म्हणायचो. "बापूजी, तुमचे कान रोज घाटात जातात, पाय तेवढे धर्म पाळतात," असं ती म्हणाली की बापूजी खोटंखोटं डोळे वटारायचे.

दुकानामागे आमचं परसदार, आणि त्या परसदाराला लागून काशिनाथ तात्यांचं. तात्या गावचे मानाचे गाडामालक, आणि सरूकाकी त्यांची बायको. काकीला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे आम्ही दोघी बहिणी त्यांच्याच घरात वाढलो म्हटलं तरी चालेल. आमच्या घरचं पिण्याचं पाणीसुद्धा काकीच्या आडाचं, कारण आमच्या आडाचं पाणी मचूळ होतं. घाटाच्या शेवटच्या दिवशी तात्यांकडे गावजेवण असायचं, मासवडी आणि बाजरीची भाकरी. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते. बेसनाचं घट्ट पिठलं ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर भाजलेले तीळ, खोबरं, खसखस यांचं सारण घालून फडकं दुमडायचं, आणि निवल्यावर वड्या कापायच्या. कापलेली वडी दिसते माशाच्या तुकड्यासारखी, म्हणून ती मासवडी. तीत मासाही नाही आणि मासही नाही. गावजेवणाच्या सारणात कांदा-लसूण असायचा. आमच्यासाठी मात्र काकी पहाटे अंघोळ करून, चूल सारवून, बिनकांदा-लसणाच्या वड्या वेगळ्या परातीत करायची. ती परात वर्षभर तिच्या फळीवर पालथी असायची. कुणी तिला हात लावला की काकी ओरडायची, "ठेव ती! शेटची परात हाय." ती झाकलेली परात घेऊन काकी परसातून येताना दिसली, की आमचा सण सुरू व्हायचा.

त्या वर्षी मी नववीत होते, आणि जीजीचं ठरायचं होतं. बापूजींच्या थोरल्या बहिणीने, आमच्या भुवाजींनी, राजस्थानातलं स्थळ आणलं होतं. घर तालेवार, धर्माला कडक, मुलगा शिकलेला. नाव प्रकाश. जीजीने त्याला आदल्या वर्षी पुण्यात एका लग्नात पाहिलं होतं. पंगतीत वाढताना त्याने तिच्या ताटात चुकून दोनदा गुलाबजाम वाढले, आणि स्वतःच इतका लाजून हसला की जीजी ते हसू घरी घेऊन आली. हे तिने फक्त मला सांगितलं होतं, तेही माझ्या दोन्ही वेण्या हातात धरून, कुणाला बोललीस तर उपटीन ह्या अटीवर. म्हणजे हे स्थळ जुळावं असं भुवाजींना वाटत होतं ते घराण्यासाठी, बापूजींना वाटत होतं ते काळजीपोटी, आणि जीजीला मनापासून वाटत होतं. पाहुणे नेमके घाटाच्या शेवटच्या दिवशी यायचे ठरले. बापूजी खूश. दुकान बंदच असतं आणि गाव सजलेलं असतं, पाहुण्यांना आपला गाव दिसेल.

मुलगा आणि त्याचे मामाजी असे दोघंच आले. मामाजी म्हणजे पांढरं धोतर, कपाळावर केशराचा टिळा, आणि प्रत्येक वाक्य शेवटचं असल्यासारखं बोलणं. आल्या आल्या दोघांनी तांब्याभर पाणी घेतलं, आणि मामाजी म्हणाले, "पानी बडा मीठा है आपके गाँव का." आईने गट्ट्याची भाजी, पुऱ्या, लापशी असा बेत केला होता. पाहुणे पाटावर बसले आणि परसदाराने काकी आली, नवं लुगडं नेसून, डोक्यावर परात आणि हातात रश्श्याचं पातेलं घेऊन. जीजीला बघायला आलेत म्हणून तिने त्या दिवशी दुप्पट वड्या केल्या होत्या. बापूजींनी स्वतःच्या हाताने वाढल्या. "हे आमच्या शेजारच्या वहिनींच्या हातचं. खास," असं ते मोठ्या तोऱ्यात म्हणाले. मामाजींनी एक वडी खाल्ली, मान डोलावली. दुसरी खाल्ली. प्रकाशने तर बोटं चाटली, ते मी दाराच्या फटीतून पाहिलं आणि आत जाऊन जीजीला सांगितलं. तिसरी वडी हातात घेऊन मामाजींनी दारात उभ्या असलेल्या काकीला विचारलं, "बाईजी, इसको क्या बोलते हैं?"

काकी फुलली. "मासवडी, पावणं! आमच्याकडची मासवडी लई नावाजलेली."

मामाजींचा हात तिथल्या तिथे थांबला. "मास?"

"हां, मास! मासवडी!" काकीला हिंदी अजिबात येत नव्हतं, पण पाहुण्यांना नाव बरोबर उच्चारता आलं याचा तिला आनंद झाला. आणि नीट समजावं म्हणून तिने दोन्ही तळवे जोडून हाताचा मासा करून पाण्यात पोहल्यासारखा हलवून दाखवला. "ह्यो मासा असतो न्हाई का? तसलाच दिसतोय बगा!"

पुढचं फार भराभर घडलं. मामाजी पाटावरून उठले, मोरीकडे धावले, घशात बोटं घालून चुळांवर चुळा भरू लागले. बापूजी मागे मागे, "बेसन आहे, मामाजी, बेसन! नुसतं नाव आहे!" असं म्हणत. "नाम ही मास है तो थाली में आया कैसे?" मामाजी गरजले. आज मला हे आठवून हसू येतं. लग्नाकार्यात मी हा प्रसंग हाताच्या माशासकट करून दाखवते आणि लोक पोट धरून हसतात. पण इथपर्यंतच सांगते. ह्याच्या पुढचं लग्नाकार्यात सांगत नाही.

स्थळ हातचं चाललं हे भुवाजींनी ओळखलं. त्या पदर सावरत पुढे झाल्या आणि त्यांनी बाजू सावरायला जे सुचलं ते म्हटलं. "भाईसाब, हमारे घर में ये कोई छूता भी नहीं. ये लोग दे जाते हैं, हम ढोर को डाल देते हैं. इनके हाथ का तो हम पानी तक नहीं पीते. मोतीलाल भोला है, आज गलती से परोस दिया."

काकी दारातच होती. हिंदी येत नसलं तरी पानी आणि नहीं कळायला शाळेत जावं लागत नाही, आणि ढोर शब्द तर तिच्याच घरातला. तिने बापूजींकडे पाहिलं. बापूजींच्या हातात वाढायचा डाव होता आणि त्यांची नजर त्या डावावर होती. बोलले असते तर स्थळ जाणार होतं, आणि मुलीचा बाप होता तो. मला त्यांचा राग आला होता, आणि दयाही आली होती. आज त्यांचं तेव्हाचं वय ओलांडल्यावर दयाच जास्त येते.

तेव्हा आतून जीजी आली. गुलाबी साडी, डोक्यावर पदर, जसं पाहुण्यांसमोर यायला तिला तयार केलं होतं तशी. ती मामाजींच्या रिकाम्या पाटावर बसली, परातीतली वडी उचलली आणि सगळ्यांच्या देखत खाल्ली. सावकाश, पूर्ण. मग म्हणाली, "काकी, रस्सा वाढ." काकी जागची हलली नाही. जीजीने दुसरी वडी घेतली. "भुवाजी, मी दात आले तेव्हापासून हे खाते. तुम्हीही मागच्या वर्षी चार खाल्ल्या होत्या." एवढं बोलून तिने प्रकाशकडे पाहिलं. सरळ, मान वर करून. तो ताटावर तसाच बसला होता, बोटांना अजून रस्सा लागलेला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, मामाजींच्या तोंडाकडे पाहिलं. मामाजी म्हणाले, "उठो प्रकाश," आणि तो उठला.

रागाने उठलेल्या माणसाला लगेच निघून जाता आलं पाहिजे, नाहीतर पंचाईत होते. आळेफाट्याकडे जाणारा रस्ता गाड्यांनी आणि माणसांनी तुडुंब भरलेला. शेवटची बारी झाल्याशिवाय जीप येणार नव्हती. त्यामुळे पाहुणे आमच्याच ओट्यावर, आमच्याकडे पाठ करून बसले. पाण्यालासुद्धा शिवले नाहीत. भुवाजी केळी घेऊन त्यांच्याभोवती घुटमळत होत्या. बापूजी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले होते, आणि त्या दिवशी भोंग्यावर काय चाललंय याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं.

काकी कधीच निघून गेली होती. परात तिथेच राहिली. जीजी तिच्यामागे परसदाराने गेली आणि मी जीजीच्या मागे. काकी चुलीपुढे बसली होती, आणि बाहेर तिच्याच अंगणात गावजेवणाच्या पंगती उठत होत्या. जीजीला बघून ती पदराने डोळे पुसत तिच्यावरच ओरडली, "येडे, माझ्या वडीपायी लगीन मोडलंस? कुणी सांगितलं व्हतं खायाला?"

"भूक लागली होती," जीजी म्हणाली.

"गप बस. अजून गेलं न्हाईत ना पावणं? मी येते. पाया पडते त्या मामांच्या. सांगते, माझं तोंड फाटकं, माझीच चूक झाली. तुझ्या भुवा म्हनत्यात तसंच हाय म्हनून सांगते. माझं काय जातंय?"

इतका वेळ जीजीचा आवाज चढला नव्हता. आता चढला. "तू कुणाच्या पाया पडायचं नाहीस."

तेवढ्यात तात्या आले, डोक्यापासून पायापर्यंत भंडाऱ्याने पिवळे, घाईत. त्यांना झाल्या प्रकाराचा पत्ता नव्हता, त्यांची अडचण वेगळीच होती. आमच्या गावची एक रीत होती. सगळ्या बाऱ्या झाल्या की हंगामाची अगदी शेवटची बारी मानाच्या गाड्याची, तिला हौसेची बारी म्हणत. तिला घड्याळ नाही, नंबर नाही, हार-जीत नाही. एरवी बायका घाटात उतरत नसत, लांब टेकडावरून बघत. पण ह्या एका बारीला वर उभं राहून निशाण टाकायचा मान गाडामालकाच्या घरच्या लेकीचा. तात्यांना लेक नव्हती, म्हणून त्यांची बहीण दर वर्षी भीमाशंकरच्या बाजूच्या तिच्या गावाहून यायची. त्या वर्षी तिची सून बाळंत झाली होती.

"आक्का काय आली न्हाई," तात्या म्हणाले. "समदे खोळंबल्यात. आता निशाण कुणी टाकायचं?"

काकीची नजर जीजीकडे गेली आणि लगेच चुलीकडे वळली. मागायचं नाही असं तिने ठरवलेलं मला स्पष्ट दिसलं. ओट्यावर पाहुणे होते. जीप यायला अवकाश होता. अजूनही कुणी समजूत घातली असती, मामाजींचा राग उतरला असता, असं होतं कधी कधी. धर्माला कडक घरची होऊ घातलेली सून भर घाटात गेली, की मग मात्र काही उरणार नव्हतं. हे जीजीला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तिने डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला. "चला तात्या," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तू घरी जा. आईजवळ बस."

म्हणून ती हौसेची बारी मी पाहिली नाही. ऐकली. ओट्याच्या पायरीवर बसले होते, आणि भोंगा खरखरला. पुकारा करणाऱ्याचा आवाज दिवसभर ओरडून बसलेला होता, तरी त्यात उत्साह मावत नव्हता. "मंडळीऽऽ, हंगामाची शेवटची बारी, हौसेची बारी! घड्याळ बंद करा राव! गाडामालक काशिनाथ तात्या! निशाण टाकाया उभी हाय तात्यांची लेक, विमल! काय म्हनतो मी, तात्यांची लेक विमल! भंडारा उधळा मंडळी! झालीऽऽ... झालीऽऽ... भिर्रर्रर्र!" आणि घाटाकडून जो गलका उठला, त्याने आमच्या दुकानाचे पत्रे वाजले.

मामाजींनी मान वळवली. दुपारपासून पहिल्यांदा ते बापूजींशी बोलले. "विमल? मोतीलालजी, ये किसकी बेटी बोल रहा है?"

भुवाजी घाईघाईने म्हणाल्या, "कोई दूसरी होगी भाईसाब. गाँव में विमल बहुत हैं."

बापूजी उठून उभे राहिले. ते उंच नव्हते, पण मला त्या वेळी उंच वाटले. "दूसरी नहीं है," ते म्हणाले. "मेरी ही बेटी है. और उनकी भी है." मग त्यांचं हिंदी संपलं असावं, कारण पुढचं ते मराठीत बोलले, आणि मामाजींना ते शब्दन् शब्द समजलं. "आणि पाणी आम्ही त्यांच्याच आडाचं पितो. सकाळी तुम्ही तांब्याभर प्यालात आणि गोड म्हणालात, ते त्यांचंच."

भुवाजींच्या हातात केळी तशीच राहिली. थोड्या वेळाने रस्ता मोकळा झाला, जीप आली आणि पाहुणे गेले. जाताना प्रकाशने बापूजींना वाकून नमस्कार केला. पोरगा वाईट नव्हता, एवढंच मी आजही म्हणेन.

जीजीचं लग्न पुढे मंचरला झालं, चांगलं झालं. आज तिला नातवंडं आहेत आणि गुडघे दुखतात. मध्ये एकदा मी तिला विचारलं, तुला कधी वाईट वाटतं का गं. ती म्हणाली, "मी दोन वड्या खाल्ल्या तेवढ्या वेळात तो एकदा तरी माझ्याकडं बघेल असं वाटलं होतं." मग तिने विषय बदलला.

पण त्या संध्याकाळी ती तात्या-काकींच्या मध्ये चालत घरी आली, तेव्हा केसांपासून पायापर्यंत पिवळी होती. गुलाबी साडी ओळखू येत नव्हती. हसत येत होती, आवाज पार बसलेला, मागे गाड्यांची रांग, पोरं नाचताहेत, बैलांच्या शिंगांवरचे रंग घामाने ओघळलेले. आई ओला पंचा घेऊन तिचं तोंड पुसायला धावली. बापूजी म्हणाले, "राहू दे." मग ते काकीपुढे गेले, हात जोडले. काकी म्हणाली, "शेट, माझं ऱ्हाऊ द्या. आदी पोरीला बगा."

जीजी रिकाम्या ओट्याकडे बघत होती. "गेले?"

"गेले," बापूजी म्हणाले.

ती मटकन खाली बसली. तोंडावर हात घेतले आणि रडायला लागली, लहान पोर रडतं तसं, आवाज काढून. "बापूजी, मला तो आवडला होता," ती म्हणाली. आमच्या घरात अशी वाक्यं बापासमोर बोलायची पद्धत नव्हती. बापूजी आपल्या पांढऱ्याशुभ्र धोतरानिशी तिच्या शेजारी त्या भंडाऱ्यातच बसले. तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही.

रस्त्यावरून गाडे घरी परतत होते. गाड्यांवरच्या माणसांना काय ठाऊक काय झालंय, त्यांच्यासाठी हंगामाचा शेवटचा दिवस होता, ती हातवारे करत, ओरडत, गात चालली होती. एक जण गाडा हळू करून ओट्याकडे बघत ओरडला, "शेट, लेकीनं निशाण लई झ्याक टाकलं बरं का! पुढच्या साली बी हीच पायजे!"

जीजी रडता रडता हुंदक्यातच हसली. बापूजींनी हात वर करून त्याला सांगितलं, "येईल की! माहेर आहे तिचं."